एक्केचाळीस चिठ्ठ्या

श्रवणयंत्रांच्या दुरुस्ती केंद्रात सगळे जण ओरडून बोलतात. गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही म्हणून सुरुवात होते आणि मग सवयच लागते. चहा हवा का, हेही लोक भांडण उकरून काढल्यासारखं विचारतात. अशा ठिकाणी स्वीकार-खिडकीवरचे मामा हळू बोलायला लागले, तर ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. केंद्राचा संगणक सांभाळणाऱ्या ताईच्याही नाही, आणि ती तर त्यांच्यापासून दोन टेबलं सोडून बसायची.

केंद्राचा कारभार साधा होता. बिघडलेलं यंत्र आलं की मामा गिऱ्हाइकाच्या हातात नंबर छापलेली चिठ्ठी देत आणि तोच नंबर संगणकात घालत. आठवड्याभराने गिऱ्हाईक पलीकडच्या खिडकीवर चिठ्ठी दाखवायचं, तिथली मुलगी नंबर टाकायची आणि यंत्र कुठल्या खणात आहे ते स्क्रीनवर यायचं. गेल्या सहा महिन्यांत मात्र मधूनमधून तिथे ‘नोंद सापडली नाही’ एवढंच यायला लागलं होतं. मग मुलगी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायची, “मामा, पुन्हा राहिली हो नोंद!” आणि गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून खणांमध्ये शोधाशोध करायची.

सुरुवातीला मामा म्हणायचे, “केलीये गं मी.” एकदा त्यांनी तिला हाताला धरून आपल्या स्क्रीनपाशी आणलं, गिऱ्हाइकाचं पान उघडलं आणि नंबरावर बोट ठेवलं. मुलगी हसली.

“आत्ता घातलात ना, मामा?”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मामा कितीतरी वेळ त्या नंबराकडे बघत राहिले, आणि त्या दिवसापासून त्यांनी ‘केलीये’ म्हणणं सोडून दिलं. पुन्हा कुणी ओरडलं की ते नुसतं “बरं” म्हणायचे.

आज सकाळी मॅनेजरबाईंनी ताईला बोलावून घेतलं. मामांचा अर्ज त्यांच्यासमोर होता.

“स्वतःहून सोडतायत. डोकं साथ देत नाही म्हणतात. तीन वाजता मी सही करणार आहे. तेवढी राहिलेल्या नोंदींची यादी काढून दे, अर्जाला जोडते. उद्या कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्याला ढकलून काढलं म्हणून.”

पलीकडच्या मुलीने न सापडलेला प्रत्येक नंबर तारखेसह वहीत टिपून ठेवला होता. एकूण एक्केचाळीस. ताईने चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती काढून सह्या तपासल्या. एक्केचाळीसही मामांच्या. त्याच खिडकीवर दुपारनंतर बसणारा कारकून दिवसातून चार वेळा स्वतःचा चष्मा शोधायचा, पण त्याची एकही नोंद राहिलेली नव्हती. आणखी एक गोष्ट होती. ही सगळी गिऱ्हाइकं जुनी होती, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आलेली. पहिल्यांदा आलेल्या कुणाचीही नोंद मामा विसरले नव्हते.

इथे ताईला खटकलं. तिने स्वतःच्या आईचं विसरणं चार वर्षं जवळून पाहिलं होतं. ते असं निवडून-पारखून येत नाही. आज गॅस चालू राहतो, उद्या धाकट्या लेकीचं नाव जातं, परवा एकदम शाळेतल्या बाकावरची मैत्रीण आठवते. इतकं शिस्तीत विसरणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

मग या दोघांच्या कामात फरक काय, हे ती शोधायला बसली. दुपारचा कारकून कुणीही आलं तरी सरळ नवं पान उघडायचा. जुनं गिऱ्हाईक असलं तरी नवं पान. शोधत कोण बसणार! एका आजोबांची त्याने पाच पानं केली होती. मामा मात्र जुन्या वळणाचे. माणूस एक तर पान एक, हा त्यांचा हट्ट. ते जुनं पान शोधून काढत आणि चिठ्ठ्यांच्या रकान्यात आधीच्या नंबराखाली नवा नंबर घालत. खरं तर केंद्राचा डेटाबेस होताच त्या पद्धतीचा. त्याच्या एका रकान्यात एकच नव्हे, हवी तेवढी मूल्यं एकाखाली एक ठेवता येत. ताईनेच ते मामांना पंधरा वर्षांपूर्वी शिकवलं होतं, आणि शिकवलेलं मनावर घेणारे केंद्रात ते एकटेच निघाले.

तिने वहीतला पहिला नंबर टाकला. ‘नोंद सापडली नाही.’

हे उत्तर इंडेक्सकडून येत होतं. पुस्तकाच्या शेवटी शब्द आणि पानं यांची यादी असते, तशी ही चिठ्ठी-नंबरांची यादी. ती असली की संगणकाला सगळी पानं चाळावी लागत नाहीत. आधी एकेक नंबर शोधायला मिनिट-दीड मिनिट जायचं. सहा महिन्यांपूर्वी ताईने हा इंडेक्स बांधला आणि उत्तर चुटकीसरशी यायला लागलं. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती.

सहा महिन्यांपूर्वी. नोंदीही तेव्हापासूनच राहायला लागल्या होत्या.

तिने संगणकाला सांगितलं, इंडेक्स बाजूला ठेव, एकेक पान उघडून बघ. संगणक घरघरत राहिला. मिनिटाच्या वर गेलं, आणि नोंद आली. मामांनी घातलेली, गिऱ्हाइकाच्या पानावर, दुसऱ्या ओळीत. ताईने उरलेल्या चाळीस नंबरांसाठी तोच शोध लावला आणि नखं कुरतडत बसली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नोंदी जागेवर होत्या.

इंडेक्स ज्यावरून बांधला होता ती रकान्याची व्याख्या उघडल्यावर मग काही शोधायचं उरलंच नाही. या रकान्यात एकच मूल्य असतं, असं तिथे लिहिलं होतं. तिनेच लिहिलं होतं. फोन नंबराच्या रकान्यावरून घाईत नक्कल केली होती आणि तेवढं बदलायचं राहून गेलं होतं. त्यामुळे पानावर एक चिठ्ठी असेपर्यंत सगळं ठीक चालायचं. मामांनी दुसरी घातली की इंडेक्स दोन्ही नंबर जोडून एकच लांबलचक नंबर समजायचा, आणि मग त्याला ना नवी सापडे ना जुनी. काम नीट करणारा तेवढा अडकत होता आणि पाट्या टाकणारा सुखरूप सुटत होता.

तिने व्याख्या सुधारली आणि पुन्हा नंबर टाकला. ‘नोंद सापडली नाही.’ ती चरफडली, मग तिला आठवलं: इंडेक्स बांधताना त्याला जे सांगितलं, तेच तो धरून बसतो. मागाहून व्याख्या बदलून काही होत नाही. तो मोडून नव्याने बांधावा लागतो. तिने मोडला आणि बांधायला लावला. त्याला अकरा मिनिटं लागली. नंबर टाकला, आणि मामांची नोंद डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर आली.

पावणेतीन वाजले होते. ताई गप्प बसून राहिली असती तरी चाललं असतं, हे सांगायला हवं, कारण तिच्या मनात ते आलं. दुरुस्ती झाली होती. उद्यापासून एकही नंबर अडणार नव्हता, आणि मामा गेले म्हणून गोंधळ थांबला, असं सगळ्यांनी खुशाल मानलं असतं. नोकरीची तर मामांना तशीही दोनच वर्षं उरली होती. असे हिशेब माणूस किती झटपट करतो! तिची तिलाच लाज वाटली. तिने यादी छापली, प्रत्येक नंबरापुढे मामांनी नोंद केल्याची तारीख आणि वेळ घातली, आणि ती केबिनमध्ये शिरली.

मामा आधीच येऊन बसले होते. धुतलेला शर्ट, मांडीवर दोन्ही हात, परीक्षेला बसल्यासारखे. मॅनेजरबाईंनी यादीसाठी हात पुढे केला. ताईने कागद मामांच्या हातात दिला.

“मामा, तुम्ही एकही नोंद विसरला नाहीत. सगळ्या केल्यात, त्याच दिवशी, त्याच वेळी. शोधायची यादी मी चुकीची बांधली होती. चूक माझी आहे.” केंद्रातल्या सवयीने ती हे ओरडूनच बोलली. बाहेर खिडकीवरच्या मुलीनेही ऐकलं, आणि ते बरंच झालं.

मामांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वरून सुरुवात केली.

“सगळ्या?”

“एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.”

त्यांनी एका नंबरावर बोट ठेवलं. “ही मी त्या दिवशी खिडकीवरच्या मुलीला दाखवली, तीसुद्धा आधीच घातलेली होती?”

“आठ दिवस आधी. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.”

मॅनेजरबाईंनी अर्ज दोनदा फाडला. ताईला वाटलं, आता मामा हसतील, सुटलो म्हणतील. त्यांचा चेहरा मात्र आक्रसत गेला.

“माझ्या मुलीला बाळ झालंय,” ते म्हणाले. “तीन महिन्यांचं आहे. मी त्याला एकदाही उचललं नाही. सगळे म्हणतात, घ्या हो, आजोबा ना तुम्ही? मी कधी पाठ दुखते म्हणतो, कधी हात ओले आहेत म्हणतो. उचललं, आणि कुठे ठेवलं तेच विसरलो तर?”

ताईला माफी मागायची होती, पण एवढ्याशा शब्दाने काय होणार होतं? तिचे डोळे भरून आले आणि ते तिने पुसलेही नाहीत.

मामा उठले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि ते मॅनेजरबाईंना म्हणाले, “मला आज लवकर जायचंय.” बाईंनी मान डोलावली. दारापाशी मामा थांबले आणि ताईकडे वळले. किती महिन्यांनी त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत निघाला.

“तुमच्यावर मी रागावणार आहे, ताई. चांगला रागावणार आहे. पण उद्या. आज मला वेळ नाही.”