सुई निघाली की पैसे

राजसच्या कोपराभोवतीची गुलाबी पट्टी आधी आबांना दिसली.

रविवारची संध्याकाळ होती. आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या घरात सुमेधा ओट्यापाशी थालीपीठं थापत होती आणि टेबलावर टॅब्लेट उभा करून तिचे वडील, पुरुषोत्तम, टेक्सासमधल्या नातवाशी गप्पा मारत होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. उन्हाळ्यापुरते ते नागपूरहून लेकीकडे आले होते. राजस हा त्यांच्या मुलाचा, उल्हासचा, एकुलता एक. उल्हास नोकरीसाठी अमेरिकेत असताना राजसचा जन्म झालेला, त्यामुळे पासपोर्ट तिकडचा. वाढला मात्र नागपुरातच, आणि आता इंजिनिअरिंग शिकायला परत तिकडे गेला होता.

"काहून रे, हाताला काय झालं?"

"काही नाही आबा. प्लाझ्मा देऊन आलो."

आबांचा चेहरा उजळला. "पाहा सुमे! पोट्ट्यानं रक्तदान केलं. शेवटी नातू कोणाचा आहे!"

राजसला तिथेच हसून विषय संपवता आला असता. त्याने तसं केलं नाही. "दान नाही आबा," तो म्हणाला. "इथे त्याचे पैसे मिळतात."

सुमेधाचा हात थालीपिठावरच थांबला. आबा वीज मंडळात नोकरीला होते, पण नागपुरात लोक त्यांना ओळखत ते रक्तदान शिबिरांमुळे. त्यांच्या तरुणपणी सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर रक्त विकणारे लोक बसलेले असत. आबांच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना अशाच एका माणसाकडून बाटली घ्यावी लागली होती. त्याचे डोळे पिवळे झालेले, हात थरथरत होते. आई वाचली. पण तो माणूस पुढच्याच आठवड्यात परत त्याच रांगेत बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्यानंतर आयुष्यभर आबा गल्लोगल्ली शिबिरं भरवत राहिले. एका दुकानदाराने रक्तदात्यांना भेट म्हणून घड्याळं पाठवली, तर यांनी ती टेम्पोसकट परत पाठवली होती.

"पैसे म्हणजे? कोण देतं? केव्हा देतं?" आबांचा आवाज बदलला.

"सेंटर असतं आबा. खुर्चीत पडून राहायचं. मशीन रक्त काढतं, त्यातलं पिवळं पाणी ठेवून घेतं आणि लाल पेशी परत आत सोडतं. तासभर लागतो. सुई निघाली की पैसे कार्डावर जमा. बाहेर पार्किंगमध्ये येईपर्यंत मेसेज आलेला असतो."

"आणि काही बिनसलं तर?"

"आधी बोटातून थेंब घेतात. प्रोटीन कमी आलं तर परत पाठवतात, मग काही मिळत नाही. मध्येच थांबवावं लागलं तर कधी थोडे देतात, कधी नाही. नवीन माणसाला पहिला महिना जास्त मिळतात. नंतर रेट उतरतो."

"म्हणजे तुझा पहिला महिना होऊन गेला."

राजसने बाही ओढून पट्टी झाकली.

"किती वेळा जातोस?"

"आठवड्यातून दोनदा. त्याच्यावर जाऊ देत नाहीत." मग तो घाईघाईने म्हणाला, "कॅम्पसवरच्या कॅफेत काम करत होतो ना, तिथले तास कमी केलेत. भाडं तर भरायला हवं. आबा, प्लीज, बाबांना सांगू नका."

"रक्त विकून भाडं भरतो," आबा म्हणाले आणि त्यांनी टॅब्लेटचं झाकण मिटलं.

ते लगेच खिशातला फोन काढू लागले. सुमेधाने पिठाचे हात तसेच ठेवून त्यांच्या समोर येऊन उभं राहत विचारलं, "कोणाला लावताय?"

"उल्हासला. अजून कोणाला!"

"नाही लावायचा. त्यानं आपल्यावर विश्वास टाकून सांगितलंय."

"सुमे, तुला कळत नाही. मी पाहिलेत ते लोक."

"तुम्ही पाहिलेत, मान्य. पण गुरुवारी ईशानीचं इन्फ्युजन आहे. तुम्ही आमच्यासोबत डब्लिनला चला. त्यानंतर दादाला फोन करायचा असेल तर करा, मी अडवणार नाही."

"तिच्या औषधाचा इथे काय संबंध?"

"चला तर खरं," सुमेधा म्हणाली आणि परत थालीपिठाकडे वळली.

ईशानी सुमेधाची मुलगी, अकरा वर्षांची. तिचं शरीर रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं पुरेशी तयारच करत नाही, हे ती तीन वर्षांची असताना कळलं. त्याआधी लागोपाठ न्यूमोनिया, कानाचे संसर्ग, रात्र रात्र ताप. तिचे वडील रवींद्र स्वतः डॉक्टर, दूर उत्तरेकडच्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात, पण त्यांनाही कारण सापडायला वेळ लागला. तेव्हापासून दर महिन्याला तिच्या शिरेतून ती प्रतिद्रव्यं बाहेरून दिली जात. रवींद्र शनिवार-रविवारीच घरी येत, म्हणून डब्लिनच्या खेपा सुमेधाच्याच. टेलिकॉम कंपनीतल्या तिच्या मॅनेजरलाही आता त्या गुरुवारांची सवय झाली होती. औषध सुरू झाल्यापासून ईशानी शाळेत नियमित जाऊ लागली, आणि गेल्या वर्षापासून गावातल्या क्लबकडून कमोगी खेळू लागली. काठी आणि चेंडूचा हा मुलींचा खेळ पाहून आबांचा जीव खालीवर होई.

आबांनी नातीला औषध घेताना कधी पाहिलं नव्हतं. गुरुवारी खुर्चीत टेकून बसलेल्या ईशानीच्या हातात सुई गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

"आय'म ग्रँड, आबा," ईशानी म्हणाली. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर यायचं ते आयरिश इंग्रजीतच, जिथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'. "इट डझन्ट इव्हन हर्ट."

नोरीन नावाच्या नर्सने काचेची बाटली स्टँडला टांगली. आत फिकट, पाण्यासारखं औषध होतं. आबांनी चष्मा चढवून बाटलीवरचं लेबल वाचायचा प्रयत्न केला.

"हे बनतं कशापासून?" त्यांनी सुमेधाला विचारलं.

"नोरीनलाच विचारा ना."

आबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं होतं, पण नोरीनला समजलं. हे माणसांच्या प्लाझ्मापासून बनतं, तिने सांगितलं. हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून, तपासून, शुद्ध करून. आमच्या देशात तेवढा गोळा होत नाही, म्हणून जास्तीत जास्त अमेरिकेतून येतो.

"देणाऱ्यांना पैसे मिळतात?"

"मिळतात," नोरीन म्हणाली. "इथे आम्ही रक्त देणाऱ्याला पैसे देत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. पण तिथल्या लोकांनी उद्या जाणं बंद केलं, तर या खोलीतल्या किती खुर्च्यांना औषध पुरेल, मला सांगता येणार नाही."

खोलीत आणखीही खुर्च्या होत्या. एकीवर जेमतेम चालायला लागलेला मुलगा आईच्या मांडीवर झोपला होता. आबांनी एकेक करून सगळ्यांकडे पाहिलं आणि ते बाहेर गेले.

सुमेधा त्यांच्या मागे कॉरिडॉरमध्ये आली. ते खिडकीपाशी उभे होते.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या बाटलीपासून."

"आणि मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार होते आबा? तुम्ही स्टेजवरून सांगायचात, रक्त विकणारा माणूस माणुसकी विकतो म्हणून. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात." सुमेधाचा आवाज चढला नाही, पण ती थांबलीही नाही. "पण ही आजारी पडली तेव्हा मी एक ठरवलं. ज्यांच्यामुळे माझी मुलगी मैदानात पळते, त्यांना माझ्या घरात कोणी हलकं बोलणार नाही. कोणी दान म्हणून दिलं असेल, कोणी भाडं भरायला. हिच्या अंगात ते सारखंच काम करतं. राजसलाही कोणी हलकं बोलणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "माझ्या आईला ज्याचं रक्त दिलं ना, त्याचं नावही मी विचारलं नाही. पैसे हातात ठेवले आणि पळालो. तो जेवला होता की नाही, तेसुद्धा विचारलं नाही."

"मग राजसला विचारा."

ॲथलोनला परतल्यावर आबांनी राजसला फोन लावला. त्याने उचलला नाही. संध्याकाळीही नाही. सुमेधाने मेसेज टाकले, त्यांनाही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून आली तेव्हा कुठे त्याचा कॉल आला. चेहरा उतरलेला होता.

"काल सेंटरमध्ये चक्कर आली, आत्या," तो म्हणाला. "मशीन मध्येच थांबवलं. त्यांनी पाय वर करून झोपवलं, सलाइन लावलं. आता ठीक आहे."

सुमेधा काही बोलणार तोच आबांनी टॅब्लेट स्वतःकडे ओढला.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

राजस ओरडा खायच्या तयारीने बसला होता. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "कॉफी घेतली होती."

"आदल्या रात्री?"

"नूडल्स."

"पाणी?"

"आठवत नाही."

"कोणत्या हातातून देतो? दर वेळी तोच हात?"

"हो. उजव्या हाताची शीर सापडत नाही त्यांना."

आबांनी खुर्ची पुढे ओढली. हजारो लोकांना त्यांनी शिबिरात बसवलं होतं, चक्कर आलेल्यांना सावरलं होतं. "ऐक. द्यायच्या आदल्या दिवसापासून पाणी. जेवल्याशिवाय त्या दारात पाऊल टाकायचं नाही. वरण, उसळ, अंडी, जे मिळेल ते, पण पोटभर. पण हे सगळं पुढचं. आता महिनाभर जायचं नाही. नंतर जायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. फक्त भरल्या पोटी ठरव. उपाशी माणसाचा होकार काही खरा नसतो."

राजसने मान खाली घातली. तो रडतोय, हे सुमेधाला खांद्यांवरून कळलं.

"आणि उल्हासला तू स्वतः सांगायचं," आबा म्हणाले. "आज. मी आहे बाजूला."

नागपुरात झोपायची वेळ झाली होती. उल्हासला कॉलवर घेतलं. राजसने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. उल्हास आधी भडकला. आम्ही मेलो होतो का, आमची काही इज्जत आहे की नाही, असं बरंच काही बोलला. आबा मध्ये पडले नाहीत. त्याचा जोर ओसरल्यावर राजस हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्या फीसाठी गाडी विकली. आईनं सांगितलं मला. त्यावर आणखी काय मागू?"

"गाडी काय, परत घेता येते रे," उल्हास हळू आवाजात म्हणाला.

"नोकरी मिळेपर्यंत राजसचं भाडं मी भरणार," सुमेधा म्हणाली. दोघेही एकदम नको म्हणायला लागले. "मी विचारत नाहीये, सांगतेय. ईशानीच्या बाटलीत कोणाकोणाचं काय आहे मला माहीत नाही, त्यांच्यासाठी मला काही करता येत नाही. याच्यासाठी येतं. विषय संपला."

विषय खरंच संपला. ऑगस्टच्या अखेरीस राजसला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. प्लाझ्मा देणं त्याने पूर्ण सोडलं नाही. महिन्यातून एखाद्या वेळी जातो, आणि आलेल्या पैशांतून मित्रांसोबत बाहेर जेवतो. जाण्याआधी बापाला सांगतो. उल्हासला ते अजूनही आवडत नाही, पण तो ऐकून घेतो. आबांनाही आवडतं असं नाही. "पैसे देऊन घेतलेलं मला पटणार नाही, मरेपर्यंत नाही," ते सुमेधाला म्हणाले. "पण देणाऱ्याशी माझं भांडण नाही."

आबा नागपूरला परतण्याच्या आधीच्या आठवड्यात ॲथलोनच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रक्तपेढीचे लोक येणार होते. आबांनी त्यांच्या वेबसाइटवरचे नियम ईशानीकडून वाचून घेतले. त्यांच्याकडे पहिल्यांदा देणाऱ्यासाठीची वयाची मर्यादा आबांनी केव्हाच ओलांडली होती. सुमेधाने याआधी दोनदा प्रयत्न केला होता. एकदा ती नुकतीच भारतातून आलेली होती, आणि मलेरियाच्या भागातून आलेल्याला काही महिने थांबावं लागतं. दुसऱ्यांदा हिमोग्लोबिन कमी भरलं. या वर्षी ती भारतात गेली नव्हती. मलेरियाची तपासणी करून घेतली होती, आणि आबांनी तिला महिनाभर रोज अळीव आणि खजूर खायला लावलं होतं.

"हे रक्त ईशानीच्या औषधात जाणार नाही," हॉलच्या दारात सुमेधा म्हणाली. "मी विचारलंय. इथे आहे तसंच कोणाला तरी देतील."

"मग काय झालं?" आबा म्हणाले. "चल."

बोटातून थेंब घेणाऱ्या बाईने आकडा पाहून मान डोलावली, आणि सुमेधाला आत पाठवलं. शेजारच्या खाटेवर चिखलाचे बूट घातलेला एक शेतकरी होता, तो कितव्यांदा आलाय हे त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. आबा तिच्या उशाशी उभे राहिले आणि पिशवी भरेपर्यंत त्याच्याशी त्याच्या गायींविषयी बोलत बसले. पिशवी भरली. सुई निघाली. सुमेधाने हात दुमडून धरला, थोडा वेळ पडून राहिली, आणि उठल्याबरोबर नोंदणीच्या टेबलाशी जाऊन पुढच्या वेळची तारीख मागून घेतली.