बर्फ कापणारं नाणं

बाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती. नाणेबाबा दोन बोटांत जुनं चांदीचं नाणं धरायचे, बर्फाच्या लादीवर टेकवायचे, आणि साबणात सुरी जावी तसं ते आत उतरायचं. मग कुणाच्या तरी खिशातलं आजचं पोलादी नाणं घ्यायचे. ते मात्र अडून बसायचं. यात तप नाही, असं बाबा म्हणायचे आणि लोक माना डोलवायचे.

मासेवाली ताई भलतीच खूश होती, कारण बर्फ तिच्याकडूनच जायचा. दिवसाला चार लाद्या! तप कुणाचं का असेना, गिऱ्हाईक आपलं होतं.

पाचव्या दिवशी तिची धाकटी बहीण कचरत आली. बहीण शिवणकाम करायची. नवरा गेल्यावर दोन पोरं तिने शिलाई मशीनवरच वाढवली होती. आणि आता तीच मशीन देऊन ती नाणं घेणार होती. लाखाचं आहे म्हणे. नाण्यावरचा राजाचा चेहरा पुसला गेला तो भक्तांच्या बोटांनी, आणि मधलं भोक म्हणजे तिसरा डोळा. घरात आलं की गरिबी बर्फासारखी कापली जाते. मशीन गेली तर पोरं काय तिसरा डोळा खाणार?

खवल्यांनी भरलेल्या हातांनी ताई बहिणीला ओढत गर्दीत घुसली. आज तिने नाणं सोडून बाबांची बोटं पाहिली. टोकं पांढरीफटक. दर कापानंतर बाबा हात शालीत घालून पुटपुटायचे आणि पुढच्या कापाला दुसरा हात काढायचे. वीस वर्षं बर्फ फोडणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं? पहाटे तिची बोटंही अशीच व्हायची, मग ती काखेत हात घालून उभी राहायची. मंत्र तेवढा म्हणत नव्हती.

“बाबा, जरा चिंधीत धरून कापा की,” ती म्हणाली.

नाण्याचा अपमान होईल, असं बाबा म्हणाले. ताईने अपमान स्वतःवर घेतला. बहिणीच्या पिशवीतल्या कापडाची चौपदरी घडी करून तिने नाणं धरलं आणि दाबलं. नाणं हटून बसलं. कापड काढलं, उघड्या बोटांनी धरलं, तर सरसर आत. मग तिने आपल्या तराजूच्या मोडक्या तांब्याच्या पारड्याचा तुकडा काढला. तोही सरसर आत.

“ऊब माझ्या हाताची. चांदी-तांबं ती झटकन पोचवतं, पोलाद रेंगाळतं, कापड वाटेत अडवतं. म्हणून मी बर्फ पत्र्यावर ठेवत नाही, भुशात ठेवते.”

मग काय विचारता! जो तो तांब्याचा तुकडा शोधत सुटला. पोस्टमन, न्हावी, हेडमास्तरसुद्धा बर्फ कापत खिदळू लागले. त्या गोंधळात बाबा सटकले. शाल मागे राहिली, आत गरम पाण्याची रबरी पिशवी.

ताईच्या हातात राहिलेलं नाणं सराफाने भिंगातून निरखलं. चांदी खरी होती; पण छाप झिजलेला, कड घासलेली, भोक तर कुणीतरी गळ्यात घालायला पाडलेलं. जुनी नाणी जमवणारा हौशी माणूस हात लावणार नाही, वजनाची चांदी तेवढी किंमत, असं तो म्हणाला. म्हणजे मशीनचा पट्टा आणि तेलाची बाटली येईल इतकीच.

बहीण मशीनवर डोकं ठेवून रडली आणि मग हसतच सुटली. ताईचा बर्फ पुन्हा पूर्वीइतकाच खपू लागला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. खुशाल करा नमस्कार. पण घरातली मशीन उचलून देण्याआधी एकदा चिंधी धरून बघा.