इथपर्यंत सगळं ठीक आहे

कडीबाईंना हे नाव साहेबांनी ठेवलं होतं, आणि साहेबांनी ठेवलेलं नाव ऑफिसात पगारापेक्षा वेळेवर पोचतं.

त्या कंपनीत संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बनत असे. तिच्यातली कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी मेमरी, कडीबाईंच्या गळ्यात पडली होती. तिथे हल्ली भुताटकी चालली होती. कधीतरी एका फाइलचं धड आणि दुसरीचं शेपूट एकत्र निघायचं. त्याचं कारण कडीबाईंनी ओळखलं होतं. दोन कामं एकदम येतात, दोघांना एकच जागा रिकामी दिसते आणि दोघंही तिथेच लिहायला बसतात.

"बाथरूमला असते ना, तशी कडी इथे हवी," त्या म्हणाल्या. "एक आत गेला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं."

"म्हणजे रांग लागणार! वेग कमी होईल, बाई."

वेग म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. वेगाचा आकडा त्यांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पिण्याच्या पाण्याच्या नळावरही चिकटवला होता.

मग पुरावा हवा म्हणून कडीबाईंनी त्या जागी एक ओळ घातली. काम तिथवर पोचलं की उमटायचं, 'इथपर्यंत सगळं ठीक आहे'. आणि बिघाड गायब! ओळ उमटण्यात क्षणभर वेळ जायचा आणि तेवढ्यात दोघांची चुकामूक व्हायची. कडीबाईंनी हे समजावून सांगितलं, पण साहेबांनी ऐकलं ते फक्त 'गायब'.

"मग राहू द्या की ती ओळ! पळाला ना चोर? आता कडी कशाला?"

कडीबाईंनी 'निर्दोष' या शेऱ्याखाली सही करायला साफ नकार दिला. पुढच्या महिन्यात ही सिस्टीम ज्या इस्पितळात बसणार होती, तिथेच त्यांच्या आईवर उपचार चालू होते. आईच्या नावाखाली भलत्याचंच औषध आलं तर?

"शुक्रवारपर्यंत सही करा," साहेब म्हणाले. "नाहीतर सह्या करणारे पैशाला पासरी मिळतात."

पण गुरुवारी साहेबांच्याच लक्षात आलं की त्या ओळीमुळे वेग घटतोय. "काढा ती."

"साहेब, बिघाड परत येईल."

"गेलेला पाहुणा कशाला परत येतोय?"

"सामान इथेच ठेवून गेलाय."

साहेबांनी ओळ स्वतःच्या हाताने काढली. जिन्यातला आकडा लगेच बदलला.

शुक्रवारी सभागृह खचाखच भरलं. वेगाबद्दल साहेबांना बढती मिळाली होती आणि तिचा हुकूम याच सिस्टीमवरून मोठ्या पडद्यावर झळकणार होता. नेमका त्याच क्षणी तळमजल्यावरच्या भांडारातून कुणीतरी जुन्या जनरेटरचा अहवाल साठवला. पडद्यावर साहेबांचा हसरा फोटो आला, नाव आलं, प्रदीर्घ सेवेचा गौरव आला, आणि त्याखाली आलं, 'आवाज फार, काम कमी. दुरुस्ती परवडणार नाही. भंगारात काढावे.'

संचालक मोठ्याने वाचत होते, ते शेवटपर्यंत वाचूनच थांबले. पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या बायकोने सवयीने टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगांतल्या कितीतरी जणांना एकदम खोकला आला.

साहेब घामाघूम होऊन कडीबाईंपाशी आले. "कुणाचा हा चावटपणा?"

"कुणाचा नाही. दोघं एकदम आत शिरले."

"ती ओळ परत घाला! आत्ताच्या आत्ता!"

"घालते की."

कडीबाई जागेवर जाऊन बसल्या. आधी त्यांनी कडी घातली. वेगाचं नाव काढायची आज कुणाची छाती नव्हती. मग साहेबांच्या समाधानासाठी तिच्याखाली ती ओळही परत घातली आणि एकदा वाचून पाहिली. आता ती खोटं बोलत नव्हती. त्यांनी सही केली आणि आईला भेटायला निघाल्या.