मे महिन्यातली सावली

पाचपावलीतल्या त्या आवारात समोरासमोर दोन घरं होती. उत्तरेकडच्या घरात धोंडबा आणि त्याची बायको तुळसाबाई राहत, दक्षिणेकडच्या घरात धोंडबाचा धाकटा भाऊ बळीराम. मधलं अंगण दोघांचं. कापडगिरणीत साचे चालवलेल्या उंचापुऱ्या धोंडबाला लकवा मारला तेव्हापासून त्याची उजवी बाजू लुळी होती, बोलणं तुटक झालं होतं. हिवाळ्यात मात्र तो जरा माणसांत येई. तुळसाबाई सकाळीच अंगणात बाज टाकायची, ऊन अंगावर आलं की त्याच्या आखडलेल्या बोटांना जवसाचं तेल चोळायची. दुपारपर्यंत ती बोटं थोडीफार उघडायची.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात बळीरामने वर मजला चढवायचं काढलं. तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला होता. पोराचं लग्न ठरलेलं, घर पुरेना. पण भावाला विचारल्याशिवाय वीट लावायची नाही म्हणून तो आला. धोंडबाने बायकोकडे बोट दाखवलं.

"आमचं ऊन तर नाही ना जाणार गा?" तुळसाबाईने एवढंच विचारलं.

बळीरामने भर दुपारी मजल्याच्या उंचीचा बांबू आणून आपल्या भिंतीशी उभा धरला. सूर्य अगदी टाळूवर होता. बांबूची सावली त्याच्या बुडाशीच गोळा होऊन पडली होती.

"पाहा वहिनी, अंगणात सावली येऊनच नाही राहिली."

तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बांध मंग."

पन्नास हिवाळे काढलेली बाई ती. थंडीतलं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण अंग भाजून निघत असताना थंडी कुणाला आठवते?

मजला झाला, लग्नही झालं. दिवाळीनंतर भिंतीची सावली अंगणात सरकू लागली आणि डिसेंबरात ती धोंडबाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचली. तुळसाबाईने एकदा बाज रस्त्याच्या कडेला नेली, तर येणारेजाणारे थांबून बघायला लागले. धोंडबाने चादर तोंडावर ओढून घेतली. पुन्हा तिने त्याला तिकडे नेलं नाही.

तुळसाबाई अंगणात बाज इकडून तिकडे ओढत असताना बळीरामची नवी सून प्रेमिला तिच्या मदतीला आली. ती शाळेत मास्तरीण होती. "मोठी आई, सूर्य आता दक्षिणेले कलला आहे," ती हळूच म्हणाली. "आपल्या नागपुरात मेच्या शेवटी तो बरोबर डोक्यावर येते. आता भर दुपारीही अर्ध्यावरच राहते. दिल्लीकडं तर याच्याहून खाली. जानेवारी सरला की चढत जाईल पुन्हा."

"अन् मे महिन्यात कुठं होती वं तू?" तुळसाबाई म्हणाली. पोरीने बाजेचं दुसरं टोक उचललं.

त्या रविवारी बळीराम दारात आला. "वहिनी, दादाले मी उचलून गच्चीवर नेत जातो. ड्युटीच्या आधी नेईन, आल्यावर खाली आणीन. वर ऊनच ऊन आहे."

तुळसाबाईच्या मनात आलं, आधी आमचं ऊन घेतलं आणि आता तेच भीक म्हणून वाढतो. धोंडबा आत झोपला होता. तिने त्याला उठवलं नाही, विचारलंही नाही.

"ते नाही म्हणते," ती म्हणाली. "बळीरामच्या गच्चीवर नाही जात म्हणते."

बळीराम परत गेला. नंतर तो अंगण ओलांडून आला नाही. जानेवारीच्या अखेरीस धोंडबाच्या छातीत थंडी बसली आणि चार दिवसांत तो गेला.

धोंडबाच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं पांगल्यावर बळीराम एकटाच ओसरीवर बसून होता. "दादा माह्यावर राग धरूनच गेला," तो म्हणाला. "शेवटी तोंडसुद्धा पाहू नाही देल्लं त्यानं."

तुळसाबाई खाली बसली. "त्यायनं नाही म्हटलंच नव्हतं गा. मी म्हटलं. त्यायले मी विचारलंही नाही."

बळीरामने तिच्याकडे न पाहताच विचारलं, "त्यानं कधी काढली माही आठवण?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं.

"रोज," ती म्हणाली. "बळ्या काहून नाही येत, म्हणत."

"अन् तुम्ही काय सांगत होत्या?"

"ड्युटी आहे म्हणून."

बळीराम उठला, चपला पायात सरकवल्या आणि आपल्या घरी गेला.

पुढे त्याने वहिनीला कशाची कमी पडू दिली नाही. धान्य आणून टाकी, दुखलंखुपलं तर दवाखान्यात नेई. पण धोंडबाचं नाव निघालं की तो बोलता बोलता उठून जाई, आणि थांब म्हणायचा तुळसाबाईला धीर होत नसे.