नासका आधी

"वास येतोय!" आई माळ्यावरून ओरडली.

"कांद्याला कांद्याचाच वास येणार. अत्तराचा कुठून आणू?" बाबा खालून.

"अहो, हा कुजल्याचा वास आहे. वर या, म्हणजे नाक उघडेल!"

आमच्या घरात भांडण असं शिडीच्या दोन टोकांना चालतं. मधल्या पायरीवर मी, नासक्या कांद्यांची पाटी घेऊन. त्यामुळे दोघांचंही मलाच आधी ऐकू येतं.

माळ्यावर आमचा वर्षाचा कांदा. विकायचा नाही, घरात खायचा. काढला की पातीसकट सावलीत पडू द्यायचा. पात वाळून दोरीसारखी झाली, मान मिटली, की मगच छाटायची. यंदा आभाळ भरून आलं आणि बाबांचा धीर सुटला. हिरवीगार पात मानेपाशी कापली आणि सगळा कांदा माळ्यावर. आणि आभाळ? आलं, वाकून बघितलं, निघून गेलं. थेंब नाही! तेव्हापासून गल्लीत बाबांचं नाव पडलंय 'हवामान खातं'. मला आधी जाम हसू यायचं.

आता नाही येत. ओल्या मानेतून कूज आत उतरते, आणि ती कशानेच थांबेना. कांदा विरळ पसरला, खिडकीचं दार काढलं, मी तर शाळेतून आल्या आल्या पुठ्ठ्याने वारासुद्धा घातला! आई रोज एकेकाची मान दाबते. मऊ लागला की पाटीत. घरचा नियम एकच: नासका आधी. कुजकं काढून टाकायचं, उरेल ते फोडणीला. चांगला राखून ठेवायचा. मग तो नासतो, आणि त्याची पाळी येते.

काल मी सरळ बोलले, "आई, असं तर आपण वर्षभर नासकेच खाणार. आज एक चांगला चिरू. एकदम हिरो!"

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी. आईही विरघळली. तिनेच निवडून आणला, लालबुंद, टणक, साल कशी कुरकुरीत. बाबांनी सुरी घातली.

बाहेरचे पापुद्रे पांढरेशुभ्र. आत मधोमध एक तपकिरी, पाणी सुटलेला.

"म्हणजे दाबूनही कळत नाही," आई हळूच म्हणाली.

"मी जरा थांबलो असतो तर..."

"राहू द्या." तिने तेवढा पापुद्रा काढला आणि बाकीचा तेलात टाकला.

आज शाळेतून आले तर आई माळ्यावरच. खाली बाबा शिडी धरून उभे. याआधी कधी धरली नव्हती.

"कळतंय का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग उतर की."

"शिडी नीट धरा. अजून अर्धा माळा राहिलाय."

मी दप्तर टाकलं, पाटी घेतली आणि मधल्या पायरीवर चढले.