चुन्याच्या रेघेआतली माती

"हात लावू नको त्याले!" लतीफाचाची दारातूनच कडाडली. तिच्या पोराचं, जुनैदचं फावडं ढिगात अर्धं रुतून थांबलं.

"अम्मी, दोनच घमेले. अब्बूची कबर पार खचली. लोक पाहून राह्यले."

"अन् चुन्याची रेघ नाही दिसत तुले?"

आसेगावच्या त्या बोळात, चाचीच्या पत्र्याच्या भिंतीला टेकून मातीचा डोंगर उभा होता. त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. कुणी ओंजळभर उचलली तरी रेघ तुटावी, चोरी उघडी पडावी, म्हणून.

डोंगर तिनंच ओढवून घेतला होता. इथली काळी माती उन्हात फाटते, पावसात खचते. कबरीवर भर टाकायला पिवळी, मुरमाड मातीच लागते. रोडवर कॉम्प्लेक्सचं तळघर खोदणं चाललेलं. तिथली तसलीच माती ट्रॅक्टरवाला नाल्यात ओतायला निघाला होता. चाचीनं त्याला भर रस्त्यात अडवलं. "नाल्यात कायले ओततं रे मुडद्या? माह्या दारात टाक एक ट्रॉली." त्याला तेच हवं होतं. त्यानं अकरा टाकल्या.

तिसऱ्या दिवशी उदयसिंग तलाठी आला. पायव्याची माती परवान्याबिगर हलवता येत नाही, म्हणाला. ठेकेदाराचा फोन बंद. पंचनामा झाला, चुना पडला.

"जप्तीचा माल कोणाच्या तरी ताब्यात द्या लागते, चाची. अंगठा लावा इथं."

अंगठा! दोन इयत्ता शिकलेल्या चाचीला तो शब्द झोंबला. "अंगठा तुह्या आजीचा घे. मले सही येते." पेन ओढून तिनं अख्खं नाव लिहिलं, वेलांटीसकट. वरचा मजकूर मात्र वाचला नाही. वाचताना तिचे ओठ हलत, आणि पंचांसमोर ते तिला नको होतं.

मजकूर जुनैदनं नंतर वाचून दाखवला. आदेश येईपर्यंत माती जशीच्या तशी राखीन. कमी भरली तर जबाबदार मी.

दोन महिने झाले, आदेश आला नव्हता. चाची घर सोडत नव्हती. बकऱ्या हाकलायची, ढिगावर चढणाऱ्या पोरांच्या सात पिढ्या काढायची. मुलगी नाजिया फोनवर बोलावून थकली. "राजवाडा राखून राह्यली का, अम्मी?"

"हो. तुह्या सासऱ्याचा."

आज सकाळी तिनं तलाठ्यालाही विचारलं होतं. आवाज शक्य तितका खाली आणून. "घरवाल्याच्या कबरीसाठी पायजे होती, बाबू."

"मोजमाप झाल्याशिवाय मूठभरही नाही, चाची. सही तुमची हाय."

"कोणाले समजते, अम्मी?" जुनैद अजून फावडं धरून होता. "रेघ परत मारू. चुना हाय घरात."

"सही माही हाय."

ती उठली. भिंतीशी तेलाच्या तीन डब्यांत मोगरा होता. नवऱ्यानं, गफ्फारनं मेडशीच्या टेकडीवरून पिवळी माती आणून लावलेला. तिनं एकेक डबा घमेल्यात उपडा केला, मुळं झटकली.

"हे घेऊन जा. याच्यावर कोणाची रेघ नाही."

"अब्बूचा मोगरा, अम्मी..."

"त्याच्याच अंगावर चालला. जा."

जुनैद गेला. उघडी पडलेली झाडं तिनं बादलीत उभी केली. फावड्याच्या धक्क्यानं एक ढेकूळ घरंगळून उंबऱ्याशी आलं होतं. तिनं ते उचललं. बोळात कुणी नव्हतं. कबरस्तानाच्या दिशेनं ती थोडा वेळ पाहत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकत वाकली, ढेकूळ रेघेच्या आत ठेवलं आणि तळव्यानं नीट दाबून बसवलं.