कड्यावरचा बांध

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर उत्कर्षा कॉलेजच्या सहलीचे फोटो घेऊन बारामतीहून काटेवाडीला घरी आली आणि तिच्या आईच्या, प्रयागबाईच्या ओट्यावर बायकांची झुंबड उडाली. फोटो होते जुन्नरच्या पलीकडच्या सांबरनाळेचे. दोन उभ्या कड्यांच्या मधे खोल घळ आणि एका कड्याच्या पोटात कोरून काढलेली वाट, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. एका बाजूला कातळ, कातळात ठोकलेली साखळी, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. पोरी त्या साखळीला पालीसारख्या चिकटून उभ्या होत्या.

"अगं बया!" गोजरबाई म्हणाली आणि तिने फोटोच दोन्ही हातांनी गच्च धरला.

प्रयागबाईने तो तिच्याकडून काढून घेतला, उजेडात नेऊन नीट पाहिला. "ह्यात काय हाय भ्यायसारखं? ह्यो तर बांध हाय. आपल्या उसातला बांध याच्याहून बारीक असंल."

प्रयागबाई, गोजरबाई धरून डेअरीला दूध घालणाऱ्या पाच मैत्रिणींची सहल दरवर्षी निघायची ती देवाला. रांगेत उभं राहायचं, नारळ फोडायचा, घरादारासाठी काहीबाही मागायचं आणि बांगड्या घेऊन परतायचं. कुणासाठी काही न मागता, नुसतं डोळे भरून बघायला म्हणून प्रयागबाई जन्मात कुठे गेली नव्हती. फोटो बघता बघता तिच्या मनाने घेतलं. "औंदा सांबरनाळ," ती म्हणाली. ती पुढे झाली की बाकीच्या चौघी मागे, हे ठरलेलंच होतं.

गाडी मात्र मानसिंगची. मानसिंग तिचा धाकटा दीर, माळेगावला कारखान्यावर नोकरीला. दारात स्वतःची ट्रॅक्स. मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही.

"वहिनी, तितं देऊळ न्हाय," तो म्हणाला. "पाय घसरला तर देवच भेटंल म्हणा, थेट."

"गाडी देताय का न्हाय ते बोला, भाऊजी."

"देतो की. डिझेल भरून देतो. पण आधी ओढ्यावरची भिंत चालून दावायची. पाची जणींनी. रविवारी, समद्यांच्या म्होरं. एक जरी बसली, तर आपली नेहमीसारखी देवाला जायचं."

गावाबाहेर कालव्याची चारी, म्हणजे शेतांकडे जाणारा फाटा, ओढ्यावरून पलीकडे नेली होती. तिच्या दोन्ही अंगांना दगडी भिंत, वरून दोन वीत रुंद. आत गुडघाभर पाणी, बाहेर खोल ओढा आणि त्यातले धोंडे.

"एवढंच व्हय?" प्रयागबाई म्हणाली. "मला वाटलं, काय अवघड सांगताय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झाल्यावर ती उत्कर्षाला घेऊन भिंतीपाशी गेली. तालमीची गरज होती म्हणून नव्हे, पोरीने आईचं चालणं बघावं म्हणून. चपला काढल्या, पदर खोचला आणि ऐटीत भिंतीवर चढली. चार-पाच पावलं टाकली. मग खालचे धोंडे दिसले. मग हातांचं काय करावं ते कळेना. आणि काटेवाडीची प्रयागबाई भिंतीवर फतकल मारून बसली. परत यायचं म्हणून बसल्या बसल्याच सरकत आली, तेव्हा लुगडं मागून पार मळलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्कर्षाने हात देऊन तिला उतरवलं. हसली मात्र नाही. "आई, त्या फोटोत मी कुठं हाय, बघितलंस का?"

"तू काढत व्हतीस की फोटो."

"काढत व्हते, कारण पुढं गेलेच न्हाय. साखळी सुरू व्हायच्या आधीच मी खाली बसले. मॅडम म्हणाल्या, थांब तू हितंच, आमचे फोटो काढ. समद्या पोरी जाऊन आल्या. मी न्हाय."

पोरगी रडवेली झाली होती. प्रयागबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

या पोरीला तिने फुलासारखं वाढवलं होतं. भावकीतल्या पोरी गुरांच्या घासाचे भारे वाहायच्या, तेव्हा उत्कर्षा एस.टी.त पुस्तक उघडून बसलेली असायची. "माझ्या पोरीच्या डोक्यावर वेणीबिगर काय यायचं न्हाय," असं प्रयागबाईने सासूला तोंडावर सांगितलं होतं आणि शब्द पाळला होता. आयुष्यात दुसऱ्या कशाचा तिला एवढा अभिमान नव्हता.

आता रविवारचं काय? मानसिंगला गाठून आपणच माघार घ्यावी, असं तिला वाटायला लागलं. पण गोजरबाईने तोवर जळोचीला आपल्या माहेरापर्यंत बातमी पोचवली होती. तिचा भाऊ बघायला येणार होता म्हणे.

माघारीचे शब्द जुळवत जुळवतच ती त्या आठवड्यात एकदा घास कापायला रानात गेली. गुरांपुरता घास कापला, भारा बांधला, डोक्यावर चुंबळ ठेवली, भारा चढवला आणि उसाच्या बांधावरून घराकडे निघाली. भाऊजींना काय सांगावं? पाय मुरगळला म्हणावं, की पाहुणे येणार म्हणावं? पाहुणे बरे, असं ठरेपर्यंत बांध संपला.

ती थांबली. वळून पाहिलं. बांध भिंतीहून अरुंद होता, वर उंदरांनी पोखरलेला, पाटाच्या पाण्याने निसरडा झालेला. त्यावरून ती पाहुण्यांचा विचार करत आली होती.

तिने भारा खाली ठेवला आणि मोकळीच बांधावरून मागे निघाली. लगेच हात पंखासारखे हलायला लागले, नजर पायाशी गेली आणि डावा पाय सपकन चिखलात. पुन्हा भारा चढवून आली, तर सुतासारखी सरळ! प्रयागबाई उसात एकटीच मोठ्याने हसली. उभा जन्म ती बांधावरून ओझं घेऊनच चालली होती. डोक्यावर भार असला की मान ताठ राहते, नजर पुढे राहते आणि पाय आपली वाट आपण काढतात. हे तिच्या पायांना ठाऊक होतं, फक्त तिलाच कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी तिने चौघींना बोलावून घेतलं. "रविवारी येताना आपापलं रोजचं ओझं घेऊन या," एवढंच सांगितलं.

रविवारी ओढ्याकाठी निम्मं गाव लोटलं. मानसिंग भिंतीच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा होता. प्रयागबाई घासाचा भारा घेऊन आली.

"वहिनी, आज तरी भारा खाली ठेवा."

"ठेवते की," प्रयागबाई म्हणाली. "पलीकडं."

आणि ती भिंतीवर चढली. तिची मान हलली नाही, पाऊल अडखळलं नाही. घरचं अंगण ओलांडावं तशी ती भिंत ओलांडून गेली आणि पलीकडे भारा टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मागोमाग गोजरबाई भरलेली कळशी घेऊन निघाली. ती अख्ख्या भिंतीभर काठावरच्या भावाशी बोलत होती आणि कळशीतला थेंब सांडला नाही. मग कौसल्या धुण्याची पाटी घेऊन, सरुबाई सरपणाची मोळी घेऊन, शेवटी झुंबरबाई शेणाची पाटी घेऊन. पाची जणी पलीकडे पोचल्या, तेव्हा गड्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

"ओझ्याचं ठरलं नव्हतं!" मानसिंग ओरडला.

"न्यायचं न्हाय, असंबी ठरलं नव्हतं!"

"मग कड्यावर काय घासाचा भारा नेणार व्हय?"

"पाच घरच्या भाकरीची गाठोडी काय तुमी नेणार, भाऊजी?"

सगळे हसले. मानसिंगही हसला. खिशातून किल्ली काढून त्याने हात उंच करून दाखवली. त्याच्या तोंडावर आता चेष्टा नव्हती. "आमची वहिनी हाय ती," असं तो शेजारच्याला सांगत होता.

तेवढ्यात अलीकडून हाक आली. "आई!"

उत्कर्षा भिंतीच्या तोंडाशी उभी होती. कानापर्यंत लाल झाली होती. "आई, माझ्याबी डोक्यावर दे काहीतरी."

जे तिच्या डोक्यावर येऊ द्यायचं नाही म्हणून जन्मभर जपलं, तेच पोरगी चारचौघांत मागत होती. क्षणभर प्रयागबाईचा पाय निघेना. मग तिने भारा पुन्हा डोक्यावर घेतला आणि भिंतीवरून परत आली. आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून पोरीच्या डोक्यावर नीट बसवली आणि भाऱ्यातला निम्मा घास काढायला वाकली.

"समदा दे," उत्कर्षा म्हणाली.

तिने सगळा भारा दिला. पोरीची मान आधी दबली, मग हळूहळू ताठ झाली. "खाली बघायचं न्हाय. माझ्या अंबाड्याकडं बघ आणि ये," प्रयागबाई म्हणाली आणि पुढे झाली.

भिंतीच्या मध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपलं डोकं रिकामं आहे. हात मोकळे आहेत, खाली धोंडे आहेत. पण मागून घासाचा ओला वास येत होता, पोरीच्या पैंजणांचा आवाज एका लयीत येत होता आणि प्रयागबाईची मान कधी नव्हती एवढी ताठ होती. तिने वळून पाहिलं नाही. पलीकडे पाय टेकला, तेव्हाच तिने श्वास सोडला. पाठोपाठ उत्कर्षा उतरली आणि भाऱ्यासकट आईला येऊन भिडली.

"वहिनी!" मानसिंगने अलीकडून विचारलं. "मग गाडीत पाच जणी पक्क्या न्हवं?"

"सहा!" प्रयागबाई ओरडली.